बियाण्याचं दुकान आणि कंपनीचा कागद

मे महिना अर्धा सरला की जालन्याच्या मोंढ्यातली वर्दळ पालटते. धान्याच्या पोत्यांच्या जागी खोकी उतरू लागतात. भोकरदन, अंबड, मंठा, परतूरकडचे छोटे टेम्पो वितरकांच्या गोदामांपुढे उभे राहतात आणि प्रत्येक दुकानदाराच्या हातातल्या यादीत वाणांची नावं असतात. शेतकरी दुकानात येऊन नुसतं ‘कापसाचं बियाणं द्या’ म्हणत नाही. तो कबड्डी मागतो, राशी ६५९ मागतो, अजित १५५ मागतो. काही वर्षांपूर्वी तो मल्लिका आणि कनक मागत होता. मृगाच्या आधीचे तीन-चार आठवडे हाच कृषी सेवा केंद्राचा खरा हंगाम. त्या दिवसांत मागितलेलं पाकीट दुकानात असलं तर गिऱ्हाईक टिकतं. नसलं तर ते शेजारच्या दुकानात जातं आणि वर्षभराची खतं-औषधांची खरेदीही तिकडेच वळते.

ते पाकीट दुकानात येणार की नाही, किती येणार आणि कधी येणार, हे मात्र दुकानदाराच्या हाती नसतं. त्याच्याकडे भांडवल असेल, मोक्याची जागा असेल, दहा गावांची ओळख असेल, तरी दुकान वाढवण्यासाठी त्याला वरून एक कागद लागतो आणि तो कागद कंपनीच देऊ शकते. बियाण्याच्या धंद्यातलं सगळं यश आणि सगळी धास्ती या कागदाभोवती फिरते. जालना हे ठिकाण त्यासाठी विशेष, कारण इथे साखळीची दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यात आहेत. देशातल्या खासगी बियाणे उद्योगाचा पाया इथेच घातला गेला, आणि त्या उद्योगाचा माल विकणारा खेड्यातला दुकानदारही इथलाच.

विक्रेता जन्मला कसा

पूर्वी गावाला बियाण्याचं दुकान नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. शेतकरी ज्वारीची चांगली कणसं, कापसाची सरकी, तुरीचे टपोरे दाणे बाजूला काढून ठेवी आणि पुढच्या वर्षी तेच पेरी. हे चित्र संकरित वाणांनी बदललं. संकरित पिकातून काढलेलं बी पुन्हा पेरलं तर पहिल्या पिढीचा जोम त्यात उतरत नाही. म्हणून दर वर्षी नवं बी विकत घ्यावं लागतं. गावोगावचा बियाणे विक्रेता या गरजेतून उभा राहिला.

१९६० च्या दशकात हे फार वेगाने घडलं. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झालं, ज्वारीचं सीएसएच-१ हे संकरित वाण १९६४ मध्ये आलं, बियाणे कायदा १९६६ मध्ये झाला. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली तीही १९६४ मध्येच. हिंगोलीत जन्मलेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बारवाले मुळात शेतकरी. १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं होतं, तिथे त्यांनी पुसा सावनी हे भेंडीचं वाण पाहिलं. भेंडीवरच्या केवडा रोगाला ते चांगलं तोंड देत होतं. ते बी त्यांनी आपल्या शेतात लावलं, वाढवलं आणि विकलं. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने मका आणि ज्वारीच्या संकरित वाणांचं पायाभूत बी मिळालं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेल्या उद्योगाच्या अवतीभवती जालन्यात कृषिधन, कलश, बेजो शीतल अशा अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या होत्या.

बारवाले यांच्या कामातला एक भाग धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्यांनी बी स्वतःच्या जमिनीवर पिकवण्यावर भर न देता शेतकऱ्यांकडून करारावर पिकवून घेतलं आणि गावोगावच्या विक्रेत्यांमार्फत विकलं. कंपनीने वाण, पायाभूत बी, प्रक्रिया आणि नाव आपल्याकडे ठेवलं. पिकवण्याचं काम एका शेतकऱ्याकडे गेलं, विकण्याचं काम दुकानदाराकडे. पुढच्या सगळ्या कंपन्यांनी हीच घडण उचलली. त्यातून प्रचंड विस्तार शक्य झाला, आणि त्याच घडणीत विक्रेत्याचं परावलंबनही रुजलं.

दुकान वाढवायचं म्हणजे काय

जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारा तरुण दुकानदार डोळ्यांपुढे आणा. दहा वर्षं धंदा केला, आता त्याला भोकरदनला दुसरं दुकान टाकायचं आहे आणि आणखी चार कंपन्यांचा माल ठेवायचा आहे. कायद्याप्रमाणे त्याला बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे तीन वेगळे परवाने लागतात. बियाण्याचा परवाना १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली, खताचा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली, कीटकनाशकाचा १९६८ च्या कायद्याखाली. ही कामं कृषी खात्याकडे आहेत, वेळखाऊ आहेत, तरी ती होतात.

पण कोरा परवाना हातात असून भागत नाही. ज्या कंपनीचा माल विकायचा, तिचं नाव त्या परवान्यावर चढावं लागतं आणि त्यासाठी कंपनीने लिहून द्यावं लागतं की हा आमचा विक्रेता आहे. बियाण्यासाठी त्याला उगम प्रमाणपत्र म्हणतात, खतासाठी ‘ओ’ फॉर्म, कीटकनाशकासाठी प्रिन्सिपल सर्टिफिकेट. दुकानदारांच्या बोलण्यात नुसतं ‘पीसी’. बनावट मालाला आळा बसावा हा यामागचा हेतू योग्यच आहे. कोणता माल कुठून आला याची नोंद राहते. पण त्यातूनच दुकानाच्या वाढीची किल्ली कंपनीच्या हाती जाते. कंपनीने प्रमाणपत्र दिलं नाही, किंवा मुदत संपल्यावर नवं दिलं नाही, तर दुकान उघडं असूनही त्या कंपनीचं एक पाकीट विकता येत नाही.

मग व्यवहाराच्या अटी सुरू होतात. कंपनी अनामत रक्कम मागते, हमी म्हणून धनादेश घेते. हंगामाच्या आधी आगाऊ पैसे भरून बुकिंग करणाऱ्याला सवलत मिळते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येच दुकानदार पैशांची जमवाजमव करतो. मागणीच्या वाणासोबत न चालणारी दोन वाणं घ्यावी लागतात. पाकिटं दुकानात उतरली याला कंपनीच्या भाषेत प्लेसमेंट म्हणतात, आणि प्रतिनिधीचं महिन्याचं टार्गेट बहुतेक वेळा प्लेसमेंटवर मोजलं जातं. शेतात बी गेलं का, हा प्रश्न नंतरचा. पाऊस लांबला, शेतकरी कापसाकडून सोयाबीनकडे वळला, की खोकी दुकानात पडून राहतात. बियाण्याला मुदत असते. उरलेला माल परत घेतला जाईल असं तोंडी सांगितलेलं असतं. परतीचे पैसे रोख न येता क्रेडिट नोटच्या रूपाने पुढच्या खरेदीत वळते होतात. म्हणजे यंदाची येणी वसूल करायची तर पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा माल घेणं भाग पडतं.

दुसरीकडे शेतकरी उधारीवर नेतो. कापूस विकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, तो पैसे देतो. दुष्काळाच्या वर्षी ते पैसे पुढच्या वर्षावर जातात. वर आगाऊ, खाली उधार, आणि मधल्या सहा-आठ महिन्यांचं व्याज दुकानदाराच्या डोक्यावर. दुसरं दुकान टाकायचं म्हणजे हे ओझं दुप्पट करणं. कंपनीने त्याच्याच भागात आणखी दोन जणांना प्रमाणपत्र दिलं तर विक्री वाटली जाते, अनामत मात्र तेवढीच अडकून राहते. क्षेत्र राखून देण्याची लेखी हमी फार थोड्यांना मिळते.

खतात हाच प्रकार ‘लिंकिंग’ या नावाने चालतो. युरियाची किंवा डीएपीची गाडी हवी असेल तर सोबत विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं किंवा नॅनो युरियाच्या बाटल्या घ्याव्या लागतात. वितरक ते दुकानदारावर ढकलतो, दुकानदार शेतकऱ्यावर. पकडला जातो तो शेवटचा, कारण पावती त्याच्या नावाची असते. राज्यातल्या विक्रेत्यांची संघटना ‘माफदा’ या लिंकिंगविरुद्ध सतत आवाज उठवत आली आहे. शेतकऱ्याला नको असलेली बाटली त्याच्या माथी मारणारा दुकानदार निर्दोष नाही. पण ती बाटली त्याच्याही माथी मारलेली असते, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

कंपनीच्याही वर कंपनी

दुकानदार कंपनीवर अवलंबून असतो, आणि कंपनी? जालन्याने याचं उत्तर अगदी जवळून पाहिलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांनी मिळून महिको मॉन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, २००६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती बोलगार्ड-२ आली. बोंडअळीला मारणारं जनुक या संयुक्त कंपनीकडे होतं आणि देशातल्या चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांनी ते परवान्यावर घेतलं. त्याबदल्यात त्या प्रत्येक पाकिटामागे जनुकाचं शुल्क भरत.

सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होतं आणि त्यातला मोठा वाटा या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार याविरुद्ध मक्तेदारी आयोगापुढे गेलं आणि किंमत साडेसातशेवर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या पुरवठ्यासाठी आणि किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमत नियंत्रण आदेश काढला. २०१६ च्या हंगामासाठी बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपयांना ठरलं, त्यात जनुकाचं शुल्क ४९ रुपये. २०२० पासून हे शुल्क शून्यावर आलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये शुल्काच्या वादातून महिको मॉन्सॅन्टो बायोटेकने नुझिवीडू सीड्सचा परवाना संपुष्टात आणला. मल्लिका विकणारी ही कंपनी देशातल्या कापूस बियाण्याच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. वाद स्पर्धा आयोगापर्यंत, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये समेटाने मिटला. एवढ्या मोठ्या कंपनीची अवस्था तेव्हा भोकरदनच्या दुकानदारासारखीच होती: वरच्याने कागद काढून घेतला, आता विकायचं काय? फरक एवढाच की तिच्याकडे वकिलांची फौज होती, आयोगाचं दार ठोठावण्याची ताकद होती.

दुकानदाराकडे ती नसते. ऑगस्ट २०१२ मध्ये राज्य सरकारने महिकोचा बीटी कापूस बियाण्याच्या विक्रीचा परवाना रद्द केला, तेव्हा निर्णय मुंबई-पुण्यात झाला आणि प्रश्न गावच्या गल्ल्यावर येऊन पडला. ज्यांचा निम्मा धंदा एका वाणावर उभा आहे, त्यांच्यासाठी असा निर्णय म्हणजे पुढच्या वर्षाचं अख्खं अंदाजपत्रक बदलणं.

चूक कुणाची, शिक्षा कुणाला

२०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी असं मानक आहे. कापणीच्या वेळी पावसात भिजलेलं, मळणीत मार खाल्लेलं बी ती गाठू शकत नाही. दोष बीजोत्पादनात असू शकतो, प्रक्रियेत किंवा साठवणीत असू शकतो, कधी पेरणीच्या खोलीत आणि ओलीतही. अशा वेळी तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात जाते, पंचनामा करते. शेतकरी मात्र सगळ्यात आधी येतो तो दुकानात, कारण पाकीट त्याने ज्याच्याकडून घेतलं तो माणूस त्याच्या ओळखीचा असतो. कंपनीचं कार्यालय त्याने कधी पाहिलेलं नसतं.

शेतकऱ्याचा हक्क इथे निर्विवाद आहे. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. सगळं बी त्याने पेरून टाकलेलं असतं, त्यामुळे नमुना राखून ठेवायला हवा होता असंही त्याला म्हणता येणार नाही. या निकालाने शेतकऱ्याला बळ दिलं. पण भरपाईची जबाबदारी साखळीत कुणी किती उचलायची, हा प्रश्न दुकानदारासाठी उघडाच राहिला.

२०२३ मध्ये तो पेटला. राज्य सरकारने बोगस निविष्ठांविरुद्ध ४० ते ४४ क्रमांकांची पाच विधेयकं आणली. त्यातल्या एकात दोषींना हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा आणि वाळूतस्करांना लागू असलेल्या प्रतिबंधक कायद्याच्या रांगेत बसवण्याची तरतूद होती. २ ते ४ नोव्हेंबर २०२३ या तीन दिवसांत राज्यभरातल्या कृषी सेवा केंद्रांनी दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं साधं होतं: पाकीट सीलबंद येतं, ते आम्ही उघडत नाही, आतल्या बियाण्याची उगवण तपासण्याची सोय आमच्याकडे नाही, मग कंपनीच्या दोषासाठी आम्हाला गुन्हेगार कसं ठरवता?

हे म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. जो दुकानदार मंजुरी नसलेलं, तणनाशक सहन करणारं एचटीबीटी कापसाचं बी बिनपावती चोरून विकतो, मुदत संपलेला माल सरकवतो, किंवा टंचाईच्या दिवसांत ठरलेल्या किमतीपेक्षा जादा घेतो, त्याला सीलबंद पाकिटाची सबब देता येणार नाही. कापसाच्या पाकिटावरच्या किमतीपेक्षा दोनशे-तीनशे जास्त मोजणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे दुकानदारानेच घेतलेले असतात. शिक्षा दोषाच्या जागेप्रमाणे व्हावी, एवढंच इथे मागायचं आहे. केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ पोर्टलचा उपयोग याच ठिकाणी आहे. पाकिटावरच्या क्यूआर कोडवरून ते बी कोणत्या बीजोत्पादकाच्या शेतातून आणि कोणत्या लॉटमधून आलं हे कळलं, तर दोष शोधायला दुकानाच्या पायरीवर थांबावं लागणार नाही.

दुसऱ्या टोकाचा शेतकरी

या साखळीत आणखी एक जण आहे. जाफराबाद-भोकरदनच्या पट्ट्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटच्या पांढऱ्या-हिरव्या जाळ्या दूरपर्यंत दिसतात. तिथे मिरची, टोमॅटो, काकडी, कलिंगडाचं संकरित बी तयार होतं. नर आणि मादी झाडं वेगळी लावून एकेका फुलावर हाताने परागीकरण करायचं, हे काम बव्हंशी बायका करतात आणि त्याला गावात ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बीजोत्पादनाचा ‘प्लॉट’ कंपनी देते, मधला ऑर्गनायझर पोचवतो, दर कंपनी ठरवते. बी चाचणीत नापास झालं तर शेतकऱ्याला पैसे मिळत नाहीत, आणि ते बी दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही. म्हणजे बी पिकवणारा आणि बी विकणारा, दोघंही एकाच दरवाजापाशी उभे असतात. एक आत माल घालायला, दुसरा बाहेर काढायला.

जगात इतरत्र

विक्रेत्याचं हे अवलंबित्व फक्त बियाण्याच्या धंद्यातलं नाही. अमेरिकेतला मरीनमॅक्स हा नौका विकणारा सर्वांत मोठा किरकोळ व्यापारी. न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंद असलेली ही कंपनी आपल्या वार्षिक अहवालात गुंतवणूकदारांना स्पष्ट बजावते की विक्रीचा मोठा भाग ब्रन्सविक या एका उत्पादकाच्या नौकांवर अवलंबून आहे, आणि दुसरी दुकानं विकत घेऊन वाढायचं तर उत्पादकांची संमती लागते. २०२१ मध्ये तिने क्रूझर्स यॉट्स आणि इन्ट्रेपिड हे दोन नौकानिर्माते स्वतःच विकत घेतले. विक्रेत्याने अवलंबित्वातून काढलेला हा एक मार्ग, पण तो अतिश्रीमंताचा.

बाकीच्यांसाठी कायदा लागतो. मोटार विक्रेत्यांना कंपन्यांच्या मनमानीपासून दाद मागता यावी म्हणून अमेरिकेने १९५६ मध्येच कायदा केला. आपल्याकडे जनरल मोटर्सने २०१७ मध्ये विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करण्याची घोषणा केली. शोरूमवर कोट्यवधी रुपये घातलेल्या विक्रेत्यांना कराराच्या कलमांपलीकडे आधार नव्हता. त्यांची संघटना ‘फाडा’ तेव्हापासून विक्रेता संरक्षण कायद्याची मागणी करते आहे. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये एका वस्तूसोबत दुसरी घ्यायला लावण्यावर, माल नाकारण्यावर आणि पुनर्विक्रीची किंमत लादण्यावर बंधनं आहेत. विक्रेत्यांच्या सवलतींवर नियंत्रण ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. हेच कलम लिंकिंगलाही लागू पडू शकतं. पण त्यासाठी मंठ्याच्या दुकानदाराने दिल्लीला जावं, हे घडणारं नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे लेखी करार. अनामत किती, तिच्यावर व्याज किती, उरलेला माल कधीपर्यंत परत घेणार, परतीचे पैसे किती दिवसांत खात्यात येणार, एवढं एका पानावर मराठीत लिहिलेलं असावं. प्रमाणपत्र काढून घ्यायचं असेल तर कारण द्यावं आणि एक पूर्ण हंगाम आधी सूचना द्यावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कृषी खातं परवान्यावर कंपनीचं नाव चढवतानाच असा करार जोडायला सांगू शकतं. नवा बियाणे कायदा आणण्याचे प्रयत्न तर २००४ पासून चालू आहेत. त्यांत शेतकऱ्याच्या भरपाईसोबत विक्रेत्याचा हा हक्कही बसला पाहिजे.

दुसरी गोष्ट दुकानदाराने स्वतः करायची. एका वाणावर आणि एका कंपनीवर दुकान उभं करू नये. अकोल्याचं महाबीज १९७६ पासून सोयाबीन, हरभरा, तुरीचं बी पुरवतं. बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेलं बीडीएन-७११ हे तुरीचं वाण मराठवाड्यात घरोघरी पोचलं आहे. अशा सरळ वाणांत नफा थोडा, पण ती कुणा एकाच्या मालकीची नाहीत. कृषी विस्तार व्यवस्थापनाच्या ‘मॅनेज’ संस्थेचा ‘देसी’ हा ४८ आठवड्यांचा पदविका अभ्यासक्रम विक्रेत्यांसाठीच आहे. तो केलेला दुकानदार शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे कधी लावायचे हे सांगू शकतो, आणि कंपनीच्या प्रतिनिधीलाही ‘हे वाण आमच्या हलक्या रानात चालत नाही’ असं ठामपणे सुनावू शकतो. ज्याच्या शब्दावर गाव पेरणी करतं, त्याला डावलणं कंपनीलाही जड जातं.

आणि तिसरी गोष्ट जालन्याच्या कंपन्यांनी करायची. हा उद्योग या मातीतल्या एका शेतकऱ्याने विक्रेत्यांच्या आणि बीजोत्पादकांच्या भरवशावर उभा केला. त्या भरवशाची परतफेड विक्री योजनांमधून विक्रेत्यांना घडवलेल्या सहलींनी होत नाही. ती जोखीम वाटून घेण्याने होते. पाऊस हुकला की तोटा दुकानदाराचा, बी उगवलं नाही की गुन्हा दुकानदारावर, आणि वाण गाजलं की नाव कंपनीचं, ही विभागणी फार दिवस टिकणारी नाही. मोठ्या गोदामांच्या साखळ्या आणि घरपोच विक्री करणारे नवे व्यापारी तालुक्याच्या दारात आले आहेत. खेड्यातला दुकानदार मोडला तर दुष्काळाच्या वर्षी उधारीवर पाकीट देणारा, उगवण नाही म्हटल्यावर संध्याकाळी शेतात येऊन उभा राहणारा माणूस कोणतीही कंपनी पुन्हा घडवू शकणार नाही. करार न्याय्य करण्याची सुरुवात एखाद्या शहराने करायची असेल, तर ते शहर जालनाच असायला हवं.